अंगठा चालणार नाही

ब्रह्मपुरी
३ ऑगस्ट १९८६

चि. हरिदास यास आत्याचा जयभीम.

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उतरून मला दोन महिने झाले. निरोपाच्या दिवशी शाळेने मला भिंतीवरचे घड्याळ दिले. जिला आता कुठेही वेळेवर पोचायचे नाही, तिला घड्याळ! तीन भाषणे झाली. त्यातल्या दोघांनी मला शिस्तप्रिय म्हटले. ज्या बाईला सगळे घाबरत होते तिला निरोप देताना हाच शब्द वापरतात.

आता कामाचे. तुझ्या आईने, म्हणजे माझ्या वहिनीने, आजवर माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे. "बाई, तुमी रिटायर झाल्या का आपण दोघी बुद्ध जनमले ते गाव पाहून येऊ." मी हो म्हटले होते. ते गाव लुंबिनी, नेपाळात. म्हणजे परदेश. पण घाबरू नकोस, आपल्या लोकांना तिथे व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. इथल्या विहारातले भन्ते दोनदा जाऊन आले. बरोबर काय काय नेले होते म्हणून विचारले, तर म्हणाले, "चीवर, भिक्षापात्र आणि खोकला."

तुझे काम एवढेच. तू खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क आहेस, कामानिमित्त चंद्रपूरला जातोस. स्टेशनवर गोरखपूरच्या गाडीची चौकशी कर आणि डिसेंबरअखेरची दोन तिकिटे काढ. माझे आणि वहिनीचे. दोन म्हणजे एकाहून एक जास्त आणि तीनहून एक कमी. तुला ओळखते म्हणून स्पष्ट लिहिले.

आत्या गोकुळा


भद्रावती
२१ ऑगस्ट १९८६

ती. आत्याबाईंचे सेवेशी सविनय जयभीम.

विषय : परदेश प्रवासाबाबत.

आपले दि. ३ चे पत्र पोचले, मजकूर कळला. कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आपण सुचविलेला विषय मी कॉलनीतल्या मंडळापुढे मांडला व तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. "परदेश सहल समिती" स्थापन झाली असून सर्वांच्या आग्रहाखातर कार्यवाहपद मला स्वीकारावे लागले. एकंदर जागा बावीस.

आमचे मोठे साहेब सपत्नीक येण्याचा विचार करीत आहेत. आत्याबाई, साहेब येतात म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको. माझ्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे. आपण कॉन्व्हेंटात शिकलेल्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या, हे ऐकून ते फार प्रभावित झाले. परदेशात अशी व्यक्ती बरोबर असणे आवश्यकच, असे त्यांनी उद्गार काढले.

कार्यक्रम साधारण असा : लुंबिनी (दोन तास), पोखरा (एक दिवस, बर्फाचे डोंगर), काठमांडू (तीन दिवस, बाजार). तिकडे फॉरेनचे टेपरेकॉर्डर व बटण दाबून उघडणाऱ्या छत्र्या मिळतात. सर्व पुरुषांनी सफारी शिवावी असा ठराव झाला आहे.

व्हिसा लागत नाही म्हणून आपण गाफील राहू नये, असे समितीचे मत आहे.

आपला आज्ञाधारक
हरिदास


ब्रह्मपुरी
२९ ऑगस्ट १९८६

चि. हरिदास,

तुला दोन तिकिटे आणायला सांगितली, तू वऱ्हाड जमवलेस. विडी आणायला पाठवावे आणि माणसाने तेंदूचे जंगल लिलावात घेऊन यावे, तसला प्रकार.

बुद्धाला दोन तास आणि बाजाराला तीन दिवस, हे गणित कोणत्या शाळेत शिकलास? माझ्या शाळेत नक्कीच नाही. आणि बटण दाबून उघडणाऱ्या छत्रीचे कौतुक ऐकून घे : तुझी आई धानाच्या रोवणीच्या दिवसांत दिवसभर मोरा डोक्यावर घेऊन चिखलात वाकलेली असायची. त्या बांबू-पानाच्या आडोशाला बटण नव्हते. तो उघडावाही लागत नव्हता.

तुझी बढती व्हावी असे मलाही वाटते. हेडक्लार्कच्या वर गेलास तर निदान "कळविण्यास अत्यंत आनंद होतो" दुसरा कोणी लिहील. साहेबांनी खुशाल यावे. साहेबांच्या मिसेसनी यावे. बावीस काय, बेचाळीस जमव. माझी अट एकच. लुंबिनीला माझ्या शेजारच्या सीटवर वहिनी बसेल. खिडकीपाशी. तिला बस लागते.

तिची तयारी कुठवर आली ते कळव. सफारी शिवलीस की नाही ते कळवू नकोस.

आत्या


भद्रावती
२० सप्टेंबर १९८६

ती. आत्याबाईंचे सेवेशी,

विषय : प्रवाशाच्या माहितीचा नमुना भरून पाठविण्याबाबत.

सोबत नमुना जोडला आहे. तो तीन प्रतींत भरावा. तो सरकारी नाही, मी तयार केला आहे, पण छापखान्यात छापून घेतल्यामुळे भारदस्त दिसतो. साहेबांनी पाहून "छान" असा शेरा मारला. प्रश्न क्र. ७ (इंग्रजीत सही करता येते काय?), क्र. ९ (काट्याचमच्याने जेवता येते काय?) व क्र. ११ (परदेशात समितीची शोभा राखण्याची हमी देता काय?) यांची उत्तरे अवश्य द्यावीत. तळटीप लक्षात घ्यावी : अंगठा चालणार नाही.

आईबद्दल कळविणे असे की, तिचे गुडघे अलीकडे फार दुखतात. मी पुष्कळ आग्रह केला, पण तिने स्वतःहून नकार दिला. "एवढ्या दूर माझ्याच्यानं होत नाई," असे ती म्हणाली. त्यामुळे नाइलाजाने तिची जागा साहेबांच्या सासूबाईंना द्यावी लागली. आपण मन लहान करू नये. परत येताना आईसाठी लुंबिनीचे पाणी आणू. मी बाटलीची व्यवस्था केली आहे.

आपला
हरिदास


ब्रह्मपुरी
२८ सप्टेंबर १९८६

सौ. कुंतास जयभीम. हे पत्र तुझ्या सासूबाईंसाठी आहे. त्यांना मोठ्याने वाचून दाखव. राग आला तर येऊ दे, शब्द गाळू नकोस.

वहिनी, तुझे गुडघे दुखतात म्हणे. गेल्या कार्तिकात तू माझ्याकडे आलीस तेव्हा वैनगंगेच्या घाटावर माझ्यापुढे चालत होतीस, आणि मागे वळून "बाई, तुमचे पाय बारीक, तुमी हळूच या," म्हणाली होतीस. तुझे गुडघे गेल्या कार्तिकात ठीक होते. मग बिघडले काय?

मी सांगते काय बिघडले ते. तू घाबरलीस. बावीस माणसे, परका मुलूख, साहेबांच्या बायका. आयुष्यभर मागे उभी राहायची तुला सवय. एक गोष्ट मागितलीस, ती मिळायची वेळ आली, आणि तू पदर तोंडाला लावून आत गेलीस. मला तुझा फार राग आला आहे. सिस्टर आम्हांला म्हणायच्या, भित्र्या मुलीला देवसुद्धा दुसऱ्यांदा हाक मारत नाही. देवाचे मला माहीत नाही. मीही मारणार नाही.

गोकुळा


भद्रावती
१२ ऑक्टोबर १९८६

आत्याबाईंना कुंताचा जयभीम. सासूबाई सांगून राहिल्या, मी लिहिते. त्यांनी सांगितले तसेच लिहिते. कंसातले माझे आहे.

बाई, तुमी मले भित्री म्हणल्या. एका डावात मोठ्ठी शिवी देली. मी मोहफुलं वेचाले पहाटेच जंगलात जात होतो, तवा अस्वल समोर आलं त मी टोपली आपटून त्याले हाकललो. साहेबाच्या बायकोले मी काऊन भेऊ? ते अस्वलाहून मोठी आहे का? (साधारण तेवढीच आहे.)

माये गुडघे दुखत नाईत. कोण म्हणलं? हरिदासनं मले सांगतलं का तुमीच लिवलं. म्हणे, "आत्याबाई म्हणते, परदेशात पासपोट लागते, अंगठेवालीले त्या लोकायच्या हद्दीवर उतरवून देते, मंग पोलीस नेते." मी म्हणलो, बाई एवढी शिकलेली, ते काही खोटं नाई लिवणार. मंग मीच म्हणलो, राहू दे बापा, मायापायी बाईले पोलिसात कायले जा लागते. (हे खरे आहे. मी चुलीपाशी होते. यांनी हातात तुमचे पत्र धरून वाचल्यासारखे केले. पत्र उलटे धरले होते का ते सासूबाईंना कसे कळणार? सुलटेच होते, पण त्यात तसे काही नव्हते. मी नंतर वाचले.)

बाई, मले तुमचा राग नाई आला. वाईट वाटलं. मले वाटलं, बाईलेही आता माया अंगठ्याची लाज वाटाले लागली.

हरिदासले काही बोलू नका. त्याची बढती होऊन राह्यली. (बोला. – कुंता)

बायनाबाई


ब्रह्मपुरी
२० ऑक्टोबर १९८६

चि. हरिदास,

नमुना तीन प्रतींत भरून पाठवत आहे. छपाई उत्तम. अक्षर भारदस्त. विशेषतः तळटीप.

प्रश्न ७ : इंग्रजीत सही येते. प्रश्न ९ : काट्याचमच्याने जेवता येते. सिस्टरांनी आम्हांला मटार काट्याच्या पाठीवरून खायला शिकवले. भूक लागलेल्या मुलीला त्याहून छळ नाही. प्रश्न ११ : समितीची शोभा मी राखीन. ती जेवढी आहे तेवढीच राहील, कमी होऊ देणार नाही. आणखी एक प्रश्न तुझ्या हातून राहिला : "प्रवासी खरे बोलतो काय?" पण तो घातला असतास तर बावीस जागा भरल्या नसत्या.

वहिनीच्या गुडघ्यांचे ऐकून काळजी वाटली. इथे आपल्या ओळखीच्या ठमाबाई तेल लावून देतात, हात चांगला आहे. धान निघाले की तिला महिनाभर माझ्याकडे पाठवून दे. तुलाही सहलीच्या तयारीत घरात दुखऱ्या गुडघ्यांची अडचण नको. बरोबर तिची दोन लुगडी, स्वेटर आणि जाड घोंगडी दे. इकडे थंडी फार पडते.

आत्या


भद्रावती
१८ डिसेंबर १९८६

ती. आत्याबाईंचे सेवेशी,

विषय : सत्कार समारंभाबाबत.

आपला भरलेला नमुना मी साहेबांना वाचून दाखविला. ते पोट धरून हसले. आपली विनोदबुद्धी प्रवासात फार उपयोगी पडेल असे म्हणाले. प्रश्न ११ चे उत्तर त्यांनी दोनदा वाचायला लावले.

आता मुख्य गोष्ट. रविवार दि. ११ जानेवारीस कॉलनीच्या मैदानात "परदेशगमनानिमित्त भव्य सत्कार" ठेवला आहे. मंडप ठरला, बँड ठरला. चंद्रपूरच्या वर्तमानपत्रात फोटो देणार आहोत. बावीस प्रवाशांना हार, व त्यानंतर आपले इंग्रजीतून भाषण. साहेबांची खास फर्माईश आहे. भाषण पंधरा मिनिटांचे असावे. विषय आपण निवडावा, परंतु त्यात साहेबांचे नाव तीनदा यावे.

आई तुमच्याकडे आली हे फार बरे झाले. कुंताने मला न विचारता तिला बसमध्ये बसवून दिले, पण जे झाले ते चांगलेच. एक विनंती आहे. आम्ही २४ तारखेला परत येईपर्यंत तिला तिथेच राहू द्यावे. ती इथे असली तर समारंभात पुढे येऊन बसेल, कोणालाही काहीही बोलेल. आपल्याला तिचा स्वभाव माहीत आहे. मागे साहेब घरी चहाला आले तेव्हा तिने त्यांना "जेवला का बापा?" असे विचारले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती आई आहे, माझा तिच्यावर जीव आहे, पण प्रत्येक गोष्टीला जागा असते.

तिला यातले काही सांगू नये. आपण मात्र दि. १० लाच यावे.

आपला
हरिदास


लुंबिनी, नेपाळ
३ जानेवारी १९८७

चि. हरिदास,

वरचा पत्ता नीट वाच. चष्मा पुसून वाच.

"तिला यातले काही सांगू नये," असे तू लिहिलेस. मी तुझे पत्र तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवले. हातात सुलटे धरून, आणि त्यात होते तेच वाचले. "जेवला का बापा" पाशी ती हसली. त्याच्या पुढच्या ओळीला हसली नाही. मग म्हणाली, "बाई, गाडी कवाची आहे?"

ब्रह्मपुरीहून नागपूर, नागपूरहून इटारसी, तिथे गाडी बदलून गोरखपूर, पुढे बसने सोनौली. खिडकीपाशी वहिनी. तिला बस लागली नाही, मला लागली. तिने माझे डोके धरले.

आता एक कबुली देते. तुझ्या नमुन्याची मी यथेच्छ टिंगल केली, पण निघताना माझ्या पिशवीत काय होते ते ऐक. पेन्शनचा कागद. शाळेचा दाखला. मतदार यादीतला आमच्या दोघींच्या नावांचा उतारा. भन्तेंचे पत्र. दोघींचे दोन-दोन फोटो. सगळ्यांच्या नकला, खऱ्या असल्याच्या शिक्क्यासह. व्हिसा लागत नाही हे मीच तुला लिहिले, आणि माझाच त्यावर विश्वास नव्हता. आपल्याला कोणी फुकट आत येऊ देईल, हे आपल्या घराण्यात कोणाच्याच रक्तात नाही. फरक इतकाच की मी दारावर दाखवायला कागद जमवले आणि तू स्वतःच दार झालास. परक्या सरकारने कोणाला अडवले नाही, म्हणून तुम्ही घरच्या घरी व्हिसाचे ऑफिस उघडलेत, आणि पहिला अर्ज नामंजूर केला तो जन्मदात्रीचा.

हद्दीवर एक लाकडी दांडा होता, तोही वर केलेला. शेजारी स्टुलावर एक शिपाई संत्रे सोलत बसला होता. मी त्याच्यासमोर पिशवी उघडली आणि इंग्रजीत सुरुवात केली. कॉन्व्हेंटात पुरस्कार मिळालेले इंग्रजी, हरिदास. तो संत्र्याची फोड तोंडात धरून माझ्याकडे पाहत राहिला. मग वहिनी पुढे झाली आणि म्हणाली, "भैया, जानेका है. बुद्ध का गाव देखना है." त्याने विचारले, "ये कौन लगती हैं आपकी?" वहिनी म्हणाली, "ननद है. छोटी थी तब इसकी पेटी मैंनेच डोस्के पे लेके इस्कूल की गाडी तक पोचाई थी. बहुत रोती थी."

तो हसला. मला नव्हे, तिला हात जोडले आणि म्हणाला, "जाइए माताजी." अर्धे संत्रे तिला दिले. माझ्या शिक्क्यांकडे कोणी पाहिले नाही.

तुझ्या साहेबांना इंग्रजी भाषण हवे होते. मी ११ तारखेला नसेन, माझी जागा रिकामी आहे. तुझ्याच नमुन्यावर कुंताच्या नावाने अर्ज भरून सोबत जोडला आहे, तीन प्रतींत. इंग्रजीत सही तिला येते. काट्याने जेवणे दोन दिवसांत येईल. प्रश्न ११ च्या उत्तरात तिने काय लिहावे ते तिचे तिने ठरवावे, मी जागा मोकळी सोडली आहे. "घरी मुलांचे कोण करेल" असे विचारणार असशील तर उत्तर : तू.

वहिनीला तुला काही सांगायचे आहे. मी फक्त लिहिते.

हरिदास, बापा, मी पोचलो. बरी आहो.

इथी पांढरं देऊळ आहे, त्याच्या बाजूले तळं आहे. आपल्या गावच्या बोडीएवढंच. मले वाटलं होतं लय मोठं असन. राजाच्या पोराचं गाव, पण भवताल धानाची वावरं. कापणी झाली, धसकटं उभी आहेत. एक बाई गवऱ्या थापून राह्यली होती. मी तिले म्हणलो, माय, मी लय दुरून आलो. तिनं हात धुतले अन् मले बसाले पोतं देलन.

दोन तासात काई पाहून होत नाई. चार दिस झाले, आमी इथीच आहो. पयल्या दिवशी बाई रडली, मी नाई रडलो. दुसऱ्या दिवशी मी रडलो. मंग आमी दोघी तळ्यावर पाय सोडून बसलो.

तू मले खोटं सांगतला ते मले समजलं. तुले माई लाज वाटते तेही समजलं. लाज वाटते त वाटू दे, ते काई कोणाच्या हातात नाई. पण बाईच्या नावानं खोटं सांगाचं नव्हतं. महिनाभर मी तिच्यावर रुसून होतो अन् ते मायावर. आमी दोघी म्हाताऱ्या. एक महिना लय होते बापा.

आता ऐक. हार घे, बँड वाजव, फोटो काढ. मंग समद्यायले घेऊन ये. साहेबाले आण, साहेबाच्या सासूलेही आण, ते म्हातारी मायाच उमरीची आहे म्हणते, तिले माया जागेवर बसव, मले काई नाई. बुद्धापाशी कोणी कोणाची जागा घेत नाई. मी सकाळपासून पाह्यतो, इथी कोणी कोणाले नावही इचारत नाई.

पण बाटलीत पाणी भरून मायासाठी आणू नको. मी तेच पाणी पेऊन राह्यलो.